मुलं झोपल्यानंतरचा ग्लास

प्रश्न : मी ३८ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. नवरा अर्धा महिना टूरवर असतो. मुलगी नऊची, मुलगा चारचा. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचे गुडघे गेलेत. दोन वर्षांपूर्वी शनिवारी एखादा ग्लास वाइन घ्यायचे. आता मुलं झोपली की रोज घेते. अर्धी बाटली संपते, कधी जास्त. सकाळी वेळेवर लॉगिन करते, डबे चुकत नाहीत, कुणाला काही कळलेलं नाही. पण ‘आज नाही’ असं ठरवलं तरी साडेनऊला फ्रिज उघडला जातोच. मी दारुडी आहे का? माझं मला सोडता येईल का? नवऱ्याला सांगू का?

उत्तर :

‘दारुडी आहे का’ याला मी पेशंटना हो-नाही असं उत्तर देत नाही. ‘नाही’ म्हटलं तर बाई निवांत होऊन आणखी दोन वर्षं काढते, ‘हो’ म्हटलं तर पुन्हा दवाखान्यात फिरकत नाही. मला दोन गोष्टी कळल्या तरी पुरे : किती घेता, आणि कशासाठी घेता.

‘किती’पासून सुरू करू, कारण तिथे बहुतेक जणी नकळत कमी सांगतात. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना मी म्हटलं, रोज ओतता तसाच ग्लास भरा आणि मोजा. घरी मापाचं दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी माळ्यावरच्या खोक्यातून मुलाची जुनी दुधाची बाटली काढली, मिलीच्या खुणांची. ‘एक ग्लास’ २१० मिलीवर गेला. तेरा टक्क्यांच्या वाइनमध्ये २१० मिली म्हणजे साधारण २१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे हिशेबासाठी १० ग्रॅमचं एक युनिट धरतात, व्हिस्कीचा ३० मिलीचा स्मॉल पेग म्हणजे जवळपास तेवढंच. म्हणजे त्यांचा एक ग्लास हा एक लार्ज पेग होता. तुमची अर्धी बाटली म्हणजे ३७५ मिली, ३८ ग्रॅमच्या आसपास : रोजचे जवळजवळ दोन लार्ज. नवऱ्यानं रोज घरात बसून दोन लार्ज घेतले असते तर सासूबाईंनी केव्हाच भाऊबंद गोळा केले असते. वाइन दिसायला सौम्य, ग्लास नाजूक, म्हणून ती दारूच्या हिशेबात धरली जात नाही, एवढाच फरक.

त्यात बाईचं शरीर. सारख्याच वजनाच्या पुरुषापेक्षा तिच्या अंगात पाणी कमी, चरबी जास्त, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त चढते. जठरातच थोडी दारू मोडून टाकणारं एन्झाइमही बायकांमध्ये कमी पडतं. म्हणून यकृताचं नुकसान कमी दारूत आणि कमी वर्षांत होतं. पुरुषाला जिथे पोचायला दहा-पंधरा वर्षं लागतात, तिथे बाई पाच-सात वर्षांत आलेली मी पाहते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या दारूनंही वाढतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८८ मध्येच दारू पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतेच अशा पदार्थांच्या गटात टाकली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की सुरक्षित म्हणावी अशी किमान मात्राच नाही. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे व्हॉट्सॲपवर अजून फिरतं, ते सोडून द्या.

ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, जागतिक आरोग्य संघटनेचीच. शेवटी येणारा आकडा आठ किंवा वर गेला तर धोक्याची खूण. बायकांच्या बाबतीत मी त्याच्याही आधी कान टवकारते. तुम्ही लिहिलंय त्यावरून पहिल्या काही प्रश्नांतच तुम्ही आठच्या आसपास जाल असं वाटतं. तेव्हा हे ‘थोडंसं जास्त झालंय’ या पायरीच्या पुढचं आहे. पण हाताबाहेर गेलेलंही नाही. डबे, लॉगिन, शाळा हे सगळं सांभाळून बाई पिऊ शकते, वर्षानुवर्षं पिऊ शकते. घर चालू आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट घर चालू असतं म्हणूनच कुणाचं लक्ष जात नाही.

आता ‘कशासाठी’. इथे थोडं थांबते, कारण सगळं इथेच अडकलेलं असतं.

तुम्ही चवीसाठी पीत नाही, मजेसाठीही नाही. मैत्रिणींबरोबर पिणं केव्हाच मागे पडलंय, तुम्ही एकट्या पिता, ठरलेल्या वेळी, मुलं झोपल्यावर. दिवसभरात तुमच्याकडे कुणी काही मागत नाही असा हा पहिला तास. ग्लास भरला की ‘आता मी ड्यूटीवर नाही’ असं तुम्ही स्वतःला सांगता. चहाचा कप हातात असताना सासूबाई हाक मारू शकतात, मुलगी उठून पाणी मागू शकते, आणि तुम्ही उठता. ग्लास घेतल्यावरही उठताच, पण तोवर मेंदूतला गाबा नावाच्या रसायनाचा ब्रेक दाबला गेलेला असतो आणि उठणं तेवढं टोचत नाही. म्हणून नुसती बाटली बंद केली आणि तो तास तुमचा झाला नाही, तर आठवड्याभरात बाटली परत येईल. आणि तास तुमचा व्हायचा तर घरातली वाटणी बदलावी लागेल. हे मी डॉक्टर म्हणून सांगते आहे.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. यात मुलांचं बघणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजतात. आणि कशातच न धरलेलं एक काम आहे, लक्षात ठेवण्याचं. रात्री दहाला ‘मम्मा, उद्या चार्ट पेपर लागणार आहे’ हे नेमकं कुणाला सांगितलं जातं? सासूबाईंची कॅल्शियमची गोळी संपत आलीय, व्हॅनवाल्याचे पैसे द्यायचेत, शनिवारी वाढदिवस आहे, गिफ्ट नाही. तुमचा नवरा भला माणूस असेल, ‘काय करू सांग’ म्हणतही असेल. पण ‘काय करू सांग’ म्हणजे लक्षात ठेवायचं तुम्ही आणि हात त्याचे. नवऱ्यांना मी दवाखान्यात बोलावते तेव्हा मदत मागत नाही, एक खातं पूर्ण उचलायला सांगते : शाळा म्हणजे शाळा, ग्रुपवरचे मेसेज, फी, चार्ट पेपर, पालकसभा सगळं, टूरवर असला तरी फोनवरून. बहुतेकांना जमतं. ज्यांना ‘जमत नाही’ ते ऑफिसात चाळीस माणसांची टीम चालवत असतात.

दारूनं तुम्हाला दिलेली विश्रांती कितीची असते तेही बघा. घेतली की झोप पटकन लागते, हे खरं. पण पहाटे तीन-साडेतीनला दारू उतरायला लागते, दाबलेली स्प्रिंग सुटावी तसा मेंदू उसळतो, जाग येते, छातीत धडधड, आणि नेमकी त्याच वेळी उद्याची सगळी यादी डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी चिडचिड जास्त, मुलीवर आवाज चढतो, मग अपराधी वाटतं, आणि साडेनऊला त्या अपराधीपणावरही तोच ग्लास. माझ्याकडे ‘मला अँग्झायटी आहे, म्हणून पिते’ म्हणत येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींची अँग्झायटी तीन-चार आठवडे दारू बंद ठेवल्यावर निम्म्यावर येते. राहिलेली निम्मी खरी असते, तिच्यावर वेगळा इलाज करावा लागतो. प्रसूतीनंतरचं नैराश्य कधी कुणी ओळखलेलंच नसतं, थायरॉइड बिघडलेला असतो, हिमोग्लोबिन आठावर असतं, चाळिशीच्या आसपास पाळी जायच्या आधीची घालमेल सुरू झालेली असते. हे तपासल्याशिवाय ‘मन खंबीर करा’ असं सांगणारा डॉक्टर भेटला तर दुसरा बघा.

आणखी एक साधी गोष्ट, जी बायका मला कधीच आपणहून सांगत नाहीत : शेवटचं जेवण किती वाजता झालं? दुपारी दीडला डेस्कवर पोळी-भाजी, त्यानंतर साडेनऊपर्यंत मुलांच्या ताटातल्या उष्ट्याशिवाय काही नाही. म्हणजे साडेनऊला येणाऱ्या ओढीत निम्मी भूक असते. शिवाय रिकाम्या पोटी दारू झपाट्यानं चढते. संध्याकाळी साडेसहाला मुलांना देता तेव्हा स्वतःलाही पोटभर काहीतरी घ्या, थालीपीठ, अंडं, दही-पोहे, काहीही, आणि बसून खा. इतका किरकोळ उपाय सांगायला मला लाज वाटायची, आता वाटत नाही. औषधाच्या आधी मी हाच सांगते.

आता, आपली आपण सोडता येईल का. पुढचं वाचल्याशिवाय उद्यापासून एकदम बंद करू नका. सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का, मळमळतं का, ते घेतल्यावर थांबतं का? दुपारीही घ्यावी लागते का? कधी आकडी आली होती का? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर घरच्या घरी बंद करायची नाही. दारू अचानक तोडली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, बेचैनी सुरू होते. आकडी बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आणि त्यात जीवही जातो. दवाखान्यात हे गोळ्यांनी व्यवस्थित सांभाळता येतं, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. तुमच्या मात्रेला इतका त्रास सहसा होत नाही. पण ‘कधी जास्त’ म्हणजे किती हे तुम्ही मोजलेलं नाही, तेव्हा आधी आठवडाभर मोजा, लिहा, आणि तो कागद घेऊन डॉक्टरकडे या.

झोपेसाठी किंवा धडधडीसाठी कुणी अल्प्राझोलाम दिली असेल, किंवा ओळखीच्या केमिस्टनं चिठ्ठीशिवाय दिली असेल, तर ते आवर्जून सांगा. दारू आणि त्या गोळ्या दोन्ही मेंदूतलं तेच बटण दाबतात. एकत्र घेतल्या तर झोपेत श्वास मंदावू शकतो. हे लपवणाऱ्या बायका दारू लपवणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

औषधं आहेत, हे अजून कित्येकांना ठाऊकच नसतं. नालट्रेक्सोन ओढ आणि पिण्यातून मिळणारी मजा दोन्ही कमी करतं. यकृताची तपासणी करून देतात, आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर देत नाहीत. अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची अस्वस्थता कमी करतं, पण दिवसातून तीनदा घ्यावं लागतं, ते जिला जमेल तिलाच. तिसरं डायसल्फिरम. ते चालू असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. लोकलमध्ये, एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. त्या पुड्यांमध्ये काय असतं देव जाणे, पण चहात किंवा भाजीत डायसल्फिरम मिसळण्याचे प्रकार घराघरांत चालतात. बाईला माहीत नसताना असं देणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे. हे वाचणाऱ्या सासूबाई, नणंदा, नवरे असतील तर त्यांच्यासाठी हे एवढंच.

सौम्य वापरात, म्हणजे सकाळचा त्रास नसताना, मी एक महिना पूर्ण बंद करायला सांगते. ‘कमी करते’ म्हणणाऱ्या बायका ग्लास लहान करतात आणि दोनदा भरतात. घरात बाटली ठेवायची नाही. ॲपवरून मागवत असाल तर ॲप काढून टाका. पूर्वी बायकांना वाइन शॉपच्या जाळीसमोर उभं राहायची लाज वाटायची, त्या लाजेनं बऱ्याच जणी वाचत होत्या. २०२० च्या लॉकडाउनमध्ये राज्यात घरपोच दारूला परवानगी मिळाली आणि तो अडसर गेला. ओढ आली की ती वीस-तीस मिनिटं चढते आणि उतरते. तेवढा वेळ घरात बसून तिच्याशी झुंजण्यापेक्षा खाली सोसायटीत दोन चकरा मारा, आंघोळ करा, कुणाला तरी फोन लावा. साडेनऊच्या जागी काय, हे आधी ठरलेलं हवं. आणि तो तास डबे भरण्यात किंवा कपड्यांच्या घड्या घालण्यात घालवायचा नाही, ही माझी अट असते. एक जण त्या तासात नुसती गच्चीवर जाऊन बसायची. तिच्या सासूला ते दारूपेक्षा जास्त खटकलं.

मध्येच एकदा प्यायलात तर महिना वाया गेला असं समजायचं नाही. कोणत्या दिवशी, काय झाल्यावर, ते लिहून ठेवा. त्यात बहुधा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते.

नवऱ्याला सांगायचं का? कुणाला तरी एकाला सांगायचंच, आणि ती व्यक्ती नवराच असली पाहिजे असं नाही. तो हात उगारणारा असेल, किंवा भांडणात हेच तुमच्या तोंडावर फेकेल असं वाटत असेल, तर आधी बहिणीला, मैत्रिणीला किंवा डॉक्टरला सांगा. घरात मारहाण असेल तर दारूच्या आधी तो प्रश्न; १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. तसं नसेल तर सांगा, पण रात्री, प्यायल्यावर, रडत नको. तो टूरवरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आकड्यासकट : ‘मी रोज अर्धी बाटली घेते, मला थांबायचंय, मी डॉक्टरकडे जातेय, शाळेचं खातं तू घे.’ बहुतेक नवऱ्यांची पहिली प्रतिक्रिया ‘पण का? तुला काय कमी आहे?’ अशी असते. त्याचं उत्तर त्याच दिवशी द्यायची गरज नाही.

मुलीला काही कळलेलं नाही असं धरून चालू नका. नऊ वर्षांच्या मुलीला फ्रिजमधली बाटली दिसते आणि संध्याकाळची आई सकाळच्या आईपेक्षा वेगळी हेही कळतं. तिनं विचारलं तर ‘ती मोठ्यांची दारू आहे, मला तिचा त्रास होतो, म्हणून मी बंद करतेय, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही’ एवढं खरं सांगा. ज्यूस म्हणू नका.

आपल्याकडे हा प्रश्न आहे हेच मान्य व्हायला वेळ लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या पंधरा वर्षांवरच्या १.३ टक्के बायकांनी दारू घेते असं सांगितलं, पुरुषांत १८.८ टक्के, महाराष्ट्रातल्या बायकांचा आकडा तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली. पण आतल्या खोलीत सासू असताना दारात आलेल्या बाईला ‘हो, घेते’ कोण सांगेल? शिवाय हे फक्त फ्लॅटमधलं, नवीन, ‘वेस्टर्न’ काही नाही. गटारं-कचऱ्याचं काम करणाऱ्या, वीटभट्टीवरच्या बाया दिवसाच्या शेवटी देशी घेतात, त्याशिवाय अंग टेकवत नाही म्हणतात. आपल्या आज्या मशेरी लावायच्या, तपकीर ओढायच्या. ती कुणी व्यसनात धरली नाही, कारण त्यांनी कामातून सुट्टी मागितली नाही. न्यू जर्सी किंवा बे एरियातून मला ऑनलाइन भेटणाऱ्या मराठी मुलींची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ‘मॉमी ज्यूस’ लिहिलेले ग्लास वाढदिवसाला भेट देतात, सगळ्या हसतात, आणि हसण्यात जिचं खरोखर वाढलंय तिला बोलायला जागाच उरत नाही.

बाळ अंगावर पीत असेल तर : रक्तात जेवढी दारू, जवळपास तेवढीच दुधात उतरते. दूध काढून फेकल्यानं ती लवकर जात नाही, वेळच जावा लागतो. बिअरनं दूध वाढतं हे खोटं; दारूनं पान्हा फुटायला अडथळा येतो. आणि सर्दीला बाळाच्या तोंडात ब्रँडीचा थेंब, कुणीही सांगितलं तरी, नाही.

दाखल व्हावं लागलं तर मुलांचं काय, या भीतीनं कित्येक आया येतच नाहीत. तुम्हाला बहुधा दाखल व्हायची गरज नाही. ज्यांना आहे त्यांच्यासाठी : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी निगडित आजार येतात, उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला दाखल झालेल्या आईपासून सहसा वेगळं करता येत नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या फक्त बायकांसाठीच्या सभा ऑनलाइनही होतात. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. मध्यरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

पहिल्या भेटीला येताना आठवड्याभराच्या मोजणीचा कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, अगदी ॲसिडिटीच्यासुद्धा, पाकिटासकट, आणि वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट असतील तर ते आणा. लिव्हर फंक्शन, हिमोग्लोबिन, थायरॉइड आम्ही करून घेऊच. आदल्या रात्री प्यायला असाल तरी या, अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका. मुलाला सांभाळायला कुणी नसेल तर त्यालाही घेऊन या, खोलीत एका कोपऱ्यात खडू आणि कागद ठेवलेले असतात.